टीएलईवरून (टू-लाइन एलिमेंट, म्हणजे कक्षेचं वर्णन करणाऱ्या आकड्यांच्या दोन ओळींवरून) काढलेलं उपग्रहाचं किंवा अंतराळ कचऱ्याचं स्थान किती अचूक असतं?

टीएलई ज्या क्षणासाठी काढलेली असते त्या क्षणीच सुमारे १ किलोमीटरची चूक धरून चला. पृथ्वीजवळच्या कक्षेत ती रोज आणखी १ ते ३ किलोमीटरने वाढते. कारण असं, की टीएलईवरून पुढच्या वेळेचं स्थान ज्या एसजीपी४ या गणिती पद्धतीने काढतात, ती हवेचा सगळा रोध 'बी-स्टार' या एकाच आकड्यात बसवते. प्रत्यक्षात सौर वादळ आलं की वरचं वातावरण फुगतं, रोध वाढतो आणि अंदाज चुकतो. ही चूक मुख्यतः प्रवासाच्या दिशेने साठते: वस्तू असते त्याच वाटेवर, फक्त थोडी पुढे किंवा मागे. वेग सेकंदाला साडेसात किलोमीटरच्या आसपास, म्हणजे ७ किलोमीटरची चूक झाली तरी उपग्रह जेमतेम एक सेकंद आधी किंवा उशिरा दिसेल. आकाशात उपग्रह पाहायला हे भरपूर झालं.

टकरीच्या इशाऱ्यासाठी मात्र निव्वळ टीएलईवर विसंबू नका. १० फेब्रुवारी २००९ रोजी इरिडियम ३३ आणि कॉसमॉस २२५१ हे उपग्रह एकमेकांवर आदळले, तेव्हा टीएलईवरून केलेल्या गणितात दोघांमधलं अंतर ५८४ मीटर येत होतं. शिवाय त्रुटी किती असू शकते, हे टीएलईत लिहिलेलंच नसतं. मला ही तिची सर्वांत मोठी उणीव वाटते.

अर्थात उपग्रहावर जीपीएस असेल आणि चालवणारी संस्था स्वतःची कक्षा-माहिती देत असेल, तर अचूकता मीटरच्या घरात जाते. कचऱ्याच्या तुकड्यांना ती सोय नाही.