कृषी सल्ला: तळ्याचे पाणी हिरवे झाले, आता काय टाकायचे?

शेतकरी बंधू-भगिनींनो,

ऊन तापू लागले की तळ्यांविषयीचे प्रश्न वाढतात. या वेळी तीन प्रश्न जवळपास सारख्याच शब्दांत आले आहेत. शेवाळ मारायला मोरचूद (कॉपर सल्फेट) टाकू का? पाणवनस्पती समूळ काढू का? आणि पाण्यावर हिरवी साय आली आहे, ते पाणी जनावरांना चालेल का? तिसऱ्याचे उत्तर आधी देतो, कारण त्यात उशीर परवडणारा नाही.

चालणार नाही. पोपटी, रंग सांडल्यासारखी आणि वाऱ्याने एका काठाला गोळा होणारी साय बहुधा निळ्या-हिरव्या शेवाळाची असते. नावाला शेवाळ, पण जात जिवाणूची. त्याच्या काही प्रजाती यकृतावर किंवा मज्जासंस्थेवर परिणाम करणारे विष तयार करतात. ऑस्ट्रेलियातल्या अलेक्झांड्रिना सरोवराचे असे पाणी पिऊन जनावरे दगावल्याची नोंद १८७८ सालची आहे. पाणी उकळूनही हे विष जात नाही. ओळखायचे असेल तर हातमोजे घालून पारदर्शक बरणीत पाणी भरा आणि रात्रभर हलवू नका. निळ्या-हिरव्या शेवाळाच्या पेशींत वायूचे सूक्ष्म कप्पे असतात, त्यामुळे ते वर येऊन थर धरते. काठीला ओल्या लोकरीसारखे गुंडाळले जाते ते तंतुमय शेवाळ. त्यापासून हा धोका सहसा नसतो. मात्र विष आहे की नाही हे बरणी सांगत नाही, ते प्रयोगशाळेतच कळते. तोवर जनावरांना दुसरे पाणी द्या. कुत्र्यालाही तळ्यात उतरू देऊ नका. ते बाहेर आल्यावर अंगाला लागलेली साय चाटते.

आता मोरचुदाचे. एका शेतकऱ्याने लिहिले आहे की मासे पहाटे पृष्ठभागावर तोंड काढतात आणि ऊन वर आले की पुन्हा ठीक दिसतात. यातच उत्तर आहे. शेवाळ दिवसा प्राणवायू सोडते, पण श्वसन चोवीस तास चालू असते. रात्री प्राणवायू फक्त खर्च होतो, म्हणून पहाटे तो सर्वांत कमी असतो. दुपारी उलटे घडते: शेवाळ पाण्यातला कर्बवायू ओढून घेते, सामू (pH) नऊच्या वर जाऊ शकतो आणि पाण्यातला अमोनिया माशांना जास्त बाधू लागतो. अशा तळ्यात मोरचूद टाकले की सगळे शेवाळ एकदम मरते, कुजते, आणि उरलासुरला प्राणवायू कुजण्यातच संपतो. निळे-हिरवे शेवाळ असेल तर फुटलेल्या पेशींतले विषही पाण्यात उतरते. कमी अल्कतेच्या (अल्कलिनिटीच्या) पाण्यात मोरचुदातले तांबे थेट माशांनाच मारते. शिवाय शेवाळ खाणारे पाणपिसवांसारखे बारीक जीवही जातात, म्हणजे पुढच्या वेळी शेवाळाला अडवणारे कोणी उरत नाही. मासे तोंड वर काढत असतील तर आज रात्रीपासून पहाटेपर्यंत पंपाने पाणी उडवत ठेवा आणि खाद्य थांबवा. मोरचुदाच्या वाटेला जाऊ नका.

शेवाळ येते कशामुळे? गोड्या पाण्यात बहुतेक वेळा स्फुरदामुळे (फॉस्फरसमुळे). १९७३ मध्ये कॅनडात एका तळ्याच्या चिंचोळ्या भागात पडदा लावून त्याचे दोन भाग केले होते. एका भागात कर्ब आणि नत्र टाकले, दुसऱ्यात त्यांच्या जोडीला स्फुरदही. स्फुरद पडलेला भाग हिरवागार झाला, दुसरा नाही. नत्र कमी पडले तर निळ्या-हिरव्या शेवाळाच्या काही जाती ते हवेतून घेतात. स्फुरदाला तशी सोय नाही. तुमच्याकडे ते येते शेतातून वाहून आलेल्या मातीबरोबर, शेणाच्या ढिगाच्या पाझराबरोबर, न खाल्लेल्या मत्स्यखाद्यातून. म्हणून माती परीक्षणाशिवाय स्फुरद खत देऊ नका, ढीग उताराच्या वरून हलवा आणि शेत व तळे यांच्यामध्ये गवताचा रुंद पट्टा ठेवा. यानेही फरक लगेच दिसणार नाही, हे आधीच सांगतो. गाळात साठलेले स्फुरद तळाशी प्राणवायू संपला की पुन्हा पाण्यात येते. जुन्या तळ्यांना वर्षे लागतात. गाळ काढला तर काम लवकर होऊ शकते.

आणि पाणवनस्पती समूळ काढू नका. ही चूक उत्साही माणसे हमखास करतात. पाण्याखालच्या वनस्पती गाळ धरून ठेवतात, शेवाळाच्या तोंडचे अन्न घेतात आणि त्या बारीक जीवांना माशांपासून आडोसा देतात. त्या गेल्या की पाणी गढूळ होते, तळापर्यंत उजेड पोहोचत नाही, मग वनस्पती परत येत नाहीत आणि तळे शेवाळाच्या ताब्यात जाते. वाट मोकळी करण्यापुरत्या, पट्ट्यापट्ट्याने कापा. कापलेले काठावर कुजू न देता लांब नेऊन कंपोस्ट करा, नाहीतर काढलेले स्फुरद पावसाबरोबर परत येईल. पाणवनस्पती खाणारा गवत्या मासा (ग्रास कार्प) सोडायचा तर मोजून सोडा. संख्या जास्त झाली तर तो सगळेच फस्त करतो. जलपर्णी मात्र याला अपवाद. ती पूर्ण पाणी झाकते, खालचा उजेड तोडते आणि पोषक स्थितीत एक-दोन आठवड्यांत दुप्पट होते. पहिले रोप दिसताच उपटा. तिचे बी गाळात वर्षानुवर्षे टिकते, तेव्हा नंतरही नजर ठेवा.

पुढचा प्रश्न पाठवताना एक माप घेऊन पाठवा. पांढऱ्या ताटलीला वजन आणि दोरी बांधून, भर दुपारी ती पाण्यात सोडा आणि दिसेनाशी होते ती खोली लिहा. साधारण वीस सेंटिमीटरच्या आत दिसेनाशी झाली आणि पाणी मातकट नव्हे तर हिरवेच असेल, तर उत्तराची वाट न पाहता पंप तयार ठेवा.