जुनं ट्रान्सफॉर्मर वेल्डिंग मशीन घेतलंय? बिनधास्त वापर

अरे भावा, जुनं ऑइलवालं मशीन मिळालंय ना, मग नवीन इन्व्हर्टर वेल्डिंग मशीन घेऊ का हा विचार सोड. आत कार्डच (इलेक्ट्रॉनिक सर्किट) नाही जळायला, कॉपर वाइंडिंग, लोखंडी कोर आणि तेल, संपलं. माझं वीस वर्षं शेडमध्ये धूळ खात चालतंय. फक्त उचलायला चार माणसं लागतात आणि लाईट बिल बघायचं नाही 😄

सुरुवातीला एवढंच बघ:

- तेलाची लेव्हल. काळं पडलं असेल, पाणी गेलं असेल तर बदल.
- केबलचे लग, म्हणजे केबलच्या टोकाचे धातूचे जोड. मशीन कमी आणि लूज लगच जास्त जळतात. दहा मिनिटं काम करून मेन बंद कर आणि लगला हात लाव, चटका बसला तर काढून घासून टाईट कर.
- बऱ्याच जुन्या मशीनला दोन फेज लागतात, ते वायरमनकडूनच जोडून घे, बॉडीला अर्थिंग पाहिजेच.

नवीन पोरं करंट कमी ठेवतात, मग रॉड चिकटतो आणि शिव्या मशीनला. ३.१५ एमएमच्या ६०१३ (नेहमीचा साधा वेल्डिंग रॉड) रॉडला ११० अँपिअरच्या आसपास ठेव, रॉड कोरडा पाहिजे. आणि अर्थ क्लॅम्प (जोडायच्या लोखंडाला लावायचा चिमटा) रंगावर लावू नको, आधी घास. पातळ पत्र्याचं नंतर बघू, आधी ५ एमएमच्या पट्टीवर हात बसव.