गिझर टांगण्याआधी भिंत ओळख

मित्रा, २५ लिटरचा गिझर रिकामा उचलून वजनाचा अंदाज बांधू नकोस. भरला की नुसतं पाणीच २५ किलो! प्लास्टर ओलांडल्यावर ड्रिलमधून पडणारी भुकटी बघ. लाल असेल तर वीट, तिथे अँकर फास्टनर (आवळला की भोकात फुगून घट्ट बसणारा बोल्ट) चालतो. करडी-पांढरी, पिठासारखी असेल तर एएसी ब्लॉक, म्हणजे सिमेंटचा हलका, सच्छिद्र ठोकळा. त्यात फास्टनर नुसता गरगर फिरतो. तिथे केमिकल अँकर (भोकात घट्ट होणारं रसायन भरून बसवलेला बोल्ट), नाहीतर आरपार बोल्ट आणि मागून लोखंडी पट्टी. प्लास्टिकची गट्टी विसरच. मी एकदा वापरली होती, आठवड्यात ब्रॅकेट बोटभर झुकलं. टाइलला भोक पाडताना ड्रिलचा हॅमर (ठोके देणारा) मोड बंद ठेव, आणि नळाच्या सरळ रेषेत ड्रिल नको, आत पाइप असतो. सॉकेट १६ अँपिअरचं, अर्थिंग तपासलेलं. गरम नळातून सलग धार येईपर्यंत बटण दाबू नकोस.