आयसीयू सोडून सायकियाट्रीकडे वळू का?

प्रश्न: ताई, बी.एस्सी. नर्सिंगनंतर मी जिल्ह्याच्या ठिकाणी आयसीयूत नोकरी केली. आता एम.एस्सी. नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला आहे, विषय मेडिकल सर्जिकल, म्हणजे आजार आणि शस्त्रक्रियांच्या पेशंटची शुश्रूषा. नोकरीत असताना कीटकनाशक प्यायलेली एक बाई व्हेंटिलेटरवरून सुटली आणि मला म्हणाली, "सिस्टर, कशाला वाचवलंत?" मला तोंडातून शब्द फुटला नाही. तेव्हापासून सायकियाट्रिक नर्सिंगच करावंसं वाटतंय. बाबा म्हणतात, वेड्यांची सिस्टर म्हटल्यावर स्थळं यायची नाहीत. फीचं कर्जही आहे. विषय बदलू का?
— द्विधा, मराठवाडा

उत्तर: स्थळांची काळजी बाबांना खुशाल करू दे, तेवढं काम त्यांच्याकडे राहू दे. कर्जाची तुझी काळजी मात्र बरोबर आहे.

आधी एक सांग, सायकियाट्रीचा वॉर्ड तू किती बघितलास? बी.एस्सी.च्या पोस्टिंगपुरता? आयसीयूत तासातासाला फरक दिसतो. इथे गोळी जिभेखाली दडवणाऱ्या पेशंटला रोज तोंड उघडायला लावायचं. लिथियम (मूड स्थिर ठेवणारं औषध) चालू असलेल्याचे हात जास्त थरथरायला लागले, जुलाब सुरू झाले, तर वेळीच डॉक्टरांना कळवायचं. आणि बरा होऊनही ज्याला न्यायला घरचं कुणी येत नाही, त्याच्याशी आजही कालच्याच गप्पा मारायच्या. ठाणे, येरवडा, नागपूर, रत्नागिरी अशी चार प्रादेशिक मनोरुग्णालयं आहेत. प्राचार्यांचं पत्र घेऊन सुट्टीत त्यांपैकी एखाद्या ठिकाणी आठवडाभर जा. तिथे कंटाळूनही परत जावंसं वाटलं, तर तुझी ओढ खरी.

आता नियमाचं. एम.एस्सी.च्या जागा विषयवार मंजूर असतात, त्यामुळे मनात आलं आणि बाक बदललं असं होत नाही. पहिल्या वर्षाचं नर्सिंग एज्युकेशन, ॲडव्हान्स नर्सिंग प्रॅक्टिस आणि रिसर्च सगळ्यांना सारखंच. वेगळा तो क्लिनिकल स्पेशालिटीचा पेपर, आणि दुसऱ्या वर्षाचा पेपर त्याच्याच पुढचा. म्हणजे जे काही करायचं ते सिनॉप्सिस, म्हणजे प्रबंधाचा आराखडा, जायच्या आत. सायकियाट्रीची जागा रिकामी आहे का, विद्यापीठ बदल मान्य करेल का, हे सीनियर मुलींच्या ग्रुपवर विचारू नकोस, प्राचार्यांना लेखी विचार.

नाही म्हणाले तर? हातची जागा सोडू नकोस. हे मी कर्जाकडे बघूनच म्हणतेय. प्रबंध तुझ्याच प्रश्नावर घे: विषप्राशनातून वाचलेल्या पेशंटशी आयसीयूतल्या सिस्टर कशा वागतात, काय बोलतात. तो मेडिकल सर्जिकलमध्ये चपखल बसेल. २०१७च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याचं कलम ११५ वाच. आत्महत्येचा प्रयत्न केलेली व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असं ते गृहीत धरतं, आणि तिला उपचार व पुनर्वसन देणं सरकारचं कर्तव्य ठरवतं. आपल्याकडे मात्र ट्यूब काढली, विषावरचं ॲट्रोपिन थांबलं की डिस्चार्ज कार्ड तयार! पदवीनंतर सायकियाट्रिक नर्सिंगचा वर्षभराचा पोस्ट बेसिक डिप्लोमाही करता येतो. फक्त पुढे कॉलेजात सायकियाट्री शिकवायची असेल, तर तिथे एम.एस्सी.चाच विषय बघतात. तसं स्वप्न असेल तर विषय बदलायला आत्ताच जोर लाव.

आणि त्या बाईसारखी दुसरी उद्याच्याच ड्युटीत भेटेल, तिच्यासाठी विषय बदलायची वाट कशाला बघायची? स्टूल ओढून बस. "असं का केलंस" म्हणू नकोस. "अजूनही जीव द्यावासा वाटतो का?" असं सरळ विचार. विचारल्याने ते डोक्यात शिरत नाही, उलट बोलायला वाट मिळते. हो म्हणाली तर तिला एकटं सोडू नकोस, डॉक्टरांना लगेच सांग. डिस्चार्जआधी सायकियाट्रीचा रेफरन्स झालाच पाहिजे यासाठी मागे लाग, आणि टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर तिच्या कार्डावर स्वतःच्या हाताने लिही.

अर्ज या आठवड्यातच दे. दोन प्रती काढ, एकीवर आवक शिक्का मारून घे. बाबांना काय ते उत्तर आल्यावर सांग.