पॅच पडून आहे म्हणून खचू नको

बेटा,

रात्री तुझा मेसेज वाचला. ओपन सोर्समध्ये, म्हणजे ज्याचा कोड सगळ्यांसाठी खुला असते त्या सॉफ्टवेअरमध्ये, पॅच (कोडमधला बदल) टाकून इतके दिवस झाले, कोणी पाहूनच नाही राहिलं, आणि तू लिहिलंस की आपण दारव्ह्याकडच्या खेड्यातले, कॉलेजचं नाव कोणाले माहीत नाही, म्हणून असं होते. काहून असा विचार करतेस? तिथं गाव, कॉलेज कोणी विचारत नाही. पण म्हणून सगळं न्यायानंच चालते असंही मी म्हणणार नाही.

लिनक्स कर्नलचंच, म्हणजे लिनक्स ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याचंच घे, तिथं पॅच अजूनही ईमेलनं जातात आणि त्यांच्याच माहितीत लिहून आहे की निदान एक आठवडा थांबा, मगच आठवण द्या. मेंटेनरकडे, म्हणजे प्रोजेक्ट सांभाळून पॅच तपासणाऱ्याकडे, ढीग पडलेला असते, मग ज्याच्या मागच्या पॅचनं त्रास दिला नाही त्याचा तो आधी उघडते. आपल्याकडे जिनिंगवर मागच्या हंगामात ओला कापूस कोणी आणला हे ग्रेडरच्या ध्यानात राहते ना, तसंच आहे हे. नव्या माणसाचं मागचं काहीच नसते, म्हणून वेळ लागते.

अपाची या ओपन सोर्सच्या संस्थेत तर मेरिट माणसाचं धरतात, कंपनीचं नाही. नोकरी बदलली तरी कमिटरपद, म्हणजे थेट कोड घालायचा हक्क, तुझ्याजवळच राहते. कोणी तुझ्या कोडला व्हेटो, म्हणजे नकार, दिला तर तांत्रिक कारण सांगावंच लागते, नाहीतर तो व्हेटो चालत नाही. हे मला लय आवडते. पण डेबियन बघ, लिनक्सवरच्या ऑपरेटिंग सिस्टिमचा १९९३ चा प्रोजेक्ट, आणि पॅकेज (बसवायला तयार सॉफ्टवेअर) न बनवणारे, म्हणजे भाषांतर करणारे, डॉक्युमेंटेशन लिहिणारे, हेही पूर्ण सदस्य होऊ शकतात हे मतदान घेऊन ठरलं २०१० मध्ये. कोड नसलेलं काम लोकांना उशिरा दिसते. ज्याला कंपनी पगार देते तो दिवसभर बसून काम करते, तू लोडशेडिंग सांभाळून अभ्यासातून वेळ काढून राहिलीस, त्यात इंग्रजी. हा फरक खराच आहे आणि तो कोणत्याच नियमात लिहिलेला नाही.

आता मुख्य गोष्ट. पॅच पहिल्या फटक्यात बरोबर आहे का यापेक्षा रिव्ह्यू आल्यावर तू काय करतेस हे लोक जास्त बघतात. चार चुका काढल्या तर चारही दुरुस्त करून, काय बदललं ते लिहून दुसरी आवृत्ती पाठवणारा, आणि एखादी सूचना पटली नाही तर कारण देऊन तसं सांगणारा माणूस लक्षात राहते. गायब होणारेच जास्त असतात. गिटहब या कोडच्या साइटवर आपलं काम मोजणारे जे हिरवे चौकोन दिसतात त्यांच्या मागे लागू नको बाप्पा, २०२० च्या हॅक्टोबरफेस्टमध्ये, म्हणजे ऑक्टोबरभर ओपन सोर्सला हातभार लावायच्या उपक्रमात, टी-शर्टसाठी लोकांनी रीडमी या माहितीच्या फाइलमध्ये एकेक शब्द बदलून इतके पुल रिक्वेस्ट (बदल घ्या अशा विनंत्या) टाकले की महिना संपायच्या आतच नियम बदलावे लागले.

आणि मेंटेनर तुले जास्त प्रश्न विचारत असेल तर अपमान समजू नको. २०२४ मध्ये एक्सझेड या फाइल लहान करणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये जे झालं ते वाच. एका माणसानं दोनेक वर्षं चांगलं काम करून विश्वास मिळवला आणि मग त्यातच बॅकडोअर, म्हणजे चोरदार, घातलं. आंद्रेस फ्रॉइंड या पोस्टग्रेस डेटाबेसच्या डेव्हलपरला एसएसएच लॉगिन, म्हणजे दुरून दुसऱ्या कॉम्प्युटरमध्ये शिरणं, अर्धा सेकंद हळू वाटलं, तो खोदत गेला म्हणून सापडलं. नुसतं चांगलं वागणं पुरत नाही, काम दुसऱ्याला तपासता आलं पाहिजे, म्हणून छोटे पॅच, सोबत टेस्ट, म्हणजे आपला कोड बरोबर चालते का ते तपासणारा कोड.

तुझ्याजवळ एक गोष्ट आहे जी तिथल्या कित्येकांजवळ नाही. भाषा मराठी निवडली तरी काही फॉन्टमध्ये ल आणि श हिंदी वळणाचे येतात, कुठं ‘दऱ्या’मधला र बिघडून ‘दर्या’ होते. हे तुझ्या डोळ्याला लगेच खटकते, त्यांना दिसतच नाही. फॉन्टचं नाव, व्हर्जन, स्क्रीनशॉट, काय दिसायला पाहिजे होतं, एवढं लिहून बग, म्हणजे चुकीची नोंद, टाकलास तर तेही पुरं काम आहे, आणि तुझ्या नावावरच राहते.

सध्याच्या पॅचखाली साध्या इंग्रजीत एक ओळ टाक, की यात काही बदल पाहिजे का. टेस्ट तू जोडलेलीच नाहीस, ते मी पाहिलं. रविवारी मी गावी येऊन राहिलो, लॅपटॉप चार्ज करून घरी ये, दोघं बसून लिहू.

तुझा काका