हात हलू देत, कान दाखवून ये

पत्र बरंच मोठं होतं, त्यातला गाभा इथे देते:

‘ताई, माझा मुलगा नऊ वर्षांचा आहे. चौथ्या वर्षी ऑटिझमचं निदान झालं. आनंद झाला किंवा गोंधळला की दोन्ही हात जोरजोरात फडफडवतो. दिवसभर फक्त लिफ्टबद्दल बोलतो. रोज रात्री तोच प्रश्न, लिफ्टचा दोर तुटला तर? जायचा रस्ता बदलला की रडून आकांत. दोन महिन्यांपासून शाळेने “हात खाली” असा नियम केलाय, आम्हीही घरी तेच म्हणतो. हात आता कमी हलतात, पण डाव्या कानावर बुक्क्या मारायला लागलाय. सासूबाई म्हणतात, तुम्हीच लाडावून ठेवलाय. नणंदेच्या ओळखीतल्या एका मुलाला अशा सवयींसाठी गोळ्या चालू आहेत. आम्हीही सुरू कराव्यात का? या सवयी कधी जातील?’
– एक आई

प्रिय मैत्रिणी,

हात फडफडण्यावर तू दोन पानं लिहिलीस, लिफ्टवर एक, आणि कानावरच्या बुक्क्यांना जेमतेम एक ओळ. मी मात्र त्या एका ओळीपासूनच सुरुवात करणार आहे.

याच आठवड्यात त्याला कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे ने. दातही दाखव, कारण मागची दाढ दुखत असली की कळ कानात जाते. पोट साफ होतंय का, झोप कशी आहे, हेही बालरोगतज्ज्ञांना सांग. लिफ्टचं दार कसं उघडतं हे तपशीलवार सांगणाऱ्या मुलाला ‘माझा कान दुखतोय’ हे सांगता येईलच असं नाही. शरीराच्या आतून काय होतंय ते ओळखणंच अनेक स्वमग्न (ऑटिझम असलेल्या) मुलांना जड जातं. एकाच कानावर आणि अलीकडेच सुरू झालेला मार ‘ऑटिझममुळे असेल’ म्हणून सोडून द्यायचा नसतो. शिवाय अशा बुक्क्यांनी कानाच्या पडद्याला इजा होऊ शकते.

आता दुसरा संशय. बुक्क्या आणि ‘हात खाली’ दोन्ही साधारण एकाच वेळी सुरू झाले, हे तुझ्याच पत्रात आहे. हात फडफडवणं हे त्याचं मन मोकळं करायचं साधन असेल, तर ते बंद केल्यावर आतली घालमेल कुठून तरी बाहेर येणारच. मोठ्या झालेल्या स्वमग्न व्यक्ती स्वतः सांगतात की अशा हालचालींनी त्या शांत होतात, आवाज आणि गर्दी सोसवते, कधी कधी तो निव्वळ आनंद असतो. म्हणून डॉक्टरांकडे जाण्याची वाट न बघता घरातला हा नियम आजच बंद कर आणि शाळेलाही तसं सांग.

एक वही घे. बुक्की मारली की तीन गोष्टी लिही: त्याआधी काय चाललं होतं, त्याने नेमकं काय केलं, त्यानंतर काय झालं. ‘मिक्सर लावला. कानावर चार बुक्क्या. मिक्सर बंद केला, थांबला.’ एवढं पुरे. दोन आठवड्यांत काहीतरी दिसायला लागेल. आवाज असेल तर उपाय वेगळा, अवघड गृहपाठ टाळायचा असेल तर वेगळा, आणि जवळपास काहीच नसताना होत असेल तर दुखण्याकडे पुन्हा बघायचं. ही वही विशेष शिक्षक किंवा ऑक्युपेशनल थेरपिस्टच्या हातात दे. प्रत्यक्ष मारत असताना ओरडू नकोस, समजावू नकोस. हात आणि कानाच्या मध्ये उशी धर, शब्द कमीत कमी.

गोळ्यांचं मी स्पष्टच सांगते. हात फडफडणं किंवा एकाच विषयाचं वेड घालवणारं खात्रीचं औषध आज नाही. 2009 मध्ये ऑटिझम असलेल्या 5 ते 17 वर्षांच्या 149 मुलांवर सिटॅलोप्रॅम या नैराश्यावरच्या औषधाची 12 आठवडे चाचणी झाली. औषध घेणाऱ्यांपैकी साधारण एक तृतीयांश मुलांमध्ये सुधारणा दिसली, आणि नुसती खोटी गोळी घेणाऱ्यांमध्येही तितक्याच! वर औषधवाल्या मुलांमध्ये चंचलता आणि झोपेच्या तक्रारी वाढल्या. रिस्पेरिडोन, ॲरिपिप्राझोल ही औषधं तीव्र चिडचिड आणि स्वतःला इजा करणं यासाठी दिली जातात. त्यांनी वजन वाढतं, सुस्ती येते. कधी ती गरजेची असतात, पण तो निर्णय बालमानसोपचारतज्ज्ञांनी तुझ्या मुलाला तपासून घ्यायचा, नणंदेच्या ओळखीवरून नाही.

आणि तो रात्रीचा प्रश्न. मला तो फार आवडला, कारण तो खरा प्रश्न आहे. 1854 मध्ये एलिशा ओटिस हा लिफ्ट बनवणारा अमेरिकन न्यूयॉर्कच्या प्रदर्शनात उंच फळीवर उभा राहिला आणि लोकांसमोर त्याने वरचा दोर कापायला लावला. फळी जराशी खाली आली आणि अडकून थांबली, कारण त्याने सुरक्षेचा ब्रेक बसवला होता. हे त्याला सांग. आजच्या लिफ्टला एकाहून जास्त दोर असतात, हेही सांग. मग चित्र काढून खाली दोन ओळींत उत्तर लिहा आणि पलंगाजवळ लावा. पुन्हा विचारलं की चित्राकडे बोट दाखवायचं. रोज विचारतो तेव्हा बहुतेक त्याला माहिती नको असते, धीर हवा असतो. कागदावरचा धीर तुझ्या थकव्याने बदलत नाही.

लिफ्ट हे आमिष करू नकोस. ‘अभ्यास केलास तरच लिफ्ट’ म्हटलं की त्याचं सगळ्यात सुरक्षित ठिकाण धोक्यात येतं. रोजची ठरलेली वेळ लिफ्टची, बिनशर्त. आणि तिथूनच गणित शिकव: सहा माणसं, प्रत्येकी साठ किलो, लिफ्ट चालेल का? कप्पी शिकव. त्याच आवडीचा एखादा मुलगा शोध. मैत्री अशीही होते.

रस्ता बदलण्याचं काम सावकाश. 1943 मध्ये बालमानसोपचारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी ऑटिझम असलेल्या 11 मुलांचं वर्णन केलं, तेव्हाच ‘सगळं जसंच्या तसं राहावं’ ही ओढ त्यांनी नोंदवली होती. बदल आधी चित्रात दाखव, मग करा, आणि सुरुवातीला अगदी छोटा: नेहमीचाच रस्ता, फक्त पलीकडच्या बाजूने.

सासूबाईंशी वाद घालू नकोस. त्यांना ती वही लिहायला दे. नातवाला दोन आठवडे बारकाईने बघितलं की त्यांनाही दिसेल, हा लाड नाही.

तू विचारलंस, या सवयी कधी जातील? काही बदलतील, काही मोठेपणीही राहतील. हात हलवत कामाला जाणारी माणसं आहेत. कानावरच्या बुक्क्या मात्र थांबायलाच हव्यात, आणि कारण सापडलं की बऱ्याचदा त्या थांबतात.

डॉक्टरांनी कान बघितला की लगेच कळव. मी वाट बघतेय.

तुझी,
ताई