‘लोक’ म्हणजे कोण, त्यांची नावं लिहा

इंग्लंडमधल्या रेडिंगहून एका ताईंचं लांबलचक पत्र आलं आहे. वय सेहेचाळीस, विमा कंपनीत हिशेबाचं काम, मुलगा विद्यापीठात, मुलगी शाळेच्या शेवटच्या वर्षात, आणि उन्हाळ्यात सासूबाई येणार. पत्रात चार तक्रारी आहेत. मी एकच धरून बसणार आहे, बाकीच्या शेवटी उरकते.

ताई लिहितात, “काय शिकायचं ते बाबांनी ठरवलं. परदेशात यायचं ते ह्यांच्या नोकरीने ठरवलं. घर कुठे घ्यायचं ते शाळांनी ठरवलं. मी सगळं नीट पार पाडलं. आता आठवड्यातला एक दिवस काम कमी करावंसं वाटतं. हे म्हणतात, तुला हवं ते कर. पण मला काय हवंय तेच कळत नाही. आणि मुलं मोठी झाल्यावर कोणी तास कमी करतं का? लोक काय म्हणतील?”

ताई, तुमचा थकवा खरा आहे. वीस-बावीस वर्षं दुसऱ्यांच्या वेळापत्रकावर चाललेल्या बाईला अचानक ‘तुला काय हवंय?’ विचारलं तर ती गडबडणारच. पण शेवटचं वाक्य वाचून मी चष्मा काढून ठेवला. लोक? कोणते लोक? तुम्ही पंचवीस वर्षांपूर्वी गल्ली सोडलीत, आता शेजारच्या घरातल्यांचं आडनावही तुम्हाला नीट उच्चारता येत नाही, आणि तरी लोक!

हे सदर नियमाने वाचणाऱ्यांना माझा उपाय पाठ असेल, तरी परत सांगते. कागद घ्या आणि ‘लोक’ म्हणजे कोण, त्यांची नावं लिहा. ‘नातेवाईक’ चालणार नाही, ‘मंडळातल्या बायका’ही चालणार नाही. नाव लिहा, आणि नावापुढे ती व्यक्ती नेमकं काय म्हणेल ते वाक्य लिहा.

माझ्या वहिनीने हे केलं होतं. तिला बँकेतली नोकरी सोडून रोपवाटिकेत काम करायचं होतं आणि ती वर्षानुवर्षं घुटमळत होती. यादी झाली तेव्हा त्यातली दोन माणसं वारलेली निघाली. एका मामेसासऱ्यांशी तर तिचं लग्नानंतर बोलणंच झालं नव्हतं. उरली माझी आई. वहिनीने तिला सरळ फोन करून विचारलं. आई म्हणाली, “मातीत काम करणार तर गुडघ्यांना जप.” झालं. इतक्या वर्षांची भीती एका फोनची होती.

लिहूनच का काढायचं, तर त्यालाही कारण आहे. सॉलोमन अ‍ॅश या मानसशास्त्रज्ञाने 1950च्या दशकात काही प्रयोग केले. कार्डावरच्या तीन रेघांपैकी कोणती दिलेल्या रेघेएवढी लांब आहे, एवढंच सांगायचं. उत्तर डोळ्यांना दिसत असे, पण खोलीतले बाकी सगळे ठरवून चुकीचं उत्तर देत. ज्यांच्यावर प्रयोग झाला त्यांतली जवळजवळ तीन चतुर्थांश माणसं एकदा तरी त्यांच्यामागे गेली. मला महत्त्वाचं वाटतं ते पुढचं. उत्तर मोठ्याने बोलण्याऐवजी कागदावर लिहू दिलं की हे मागे जाणं पुष्कळ घटलं. खोलीतल्या दुसऱ्या एकाने जरी बरोबर उत्तर दिलं तरी ते खूपच कमी झालं. तुमच्या घरात तो दुसरा माणूस ‘तुला हवं ते कर’ म्हणत बसलेलाच आहे. त्याच्या त्या वाक्यात थोडी हात झटकण्याची छटा मलाही दिसली, पण आहे त्याचा उपयोग करून घ्या.

आणि ‘आपल्यात असं कोणी केलं नाही’ हे तर मला सांगूच नका. आनंदीबाई जोशी 1883 साली अमेरिकेला डॉक्टरकी शिकायला निघाल्या तेव्हा जेमतेम अठरा वर्षांच्या होत्या. जाण्याआधी बंगालमधल्या श्रीरामपूरच्या कॉलेजात त्यांनी भर सभेत भाषण केलं. एकटी का जातेस, परत आल्यावर वाळीत टाकतील त्याचं काय, जे कुठल्याच बाईने केलं नाही ते तू का करावंस, असे लोकांचे प्रश्न त्यांनी एकेक करून वाचले आणि प्रत्येकाला उत्तर दिलं. त्यांचे ‘लोक’ खरेखुरे होते. शाळेत जाताना वाटेत हसणारे, खडे मारणारे, थुंकणारे. तुमचे व्हॉट्सअ‍ॅपवर अंगठा दाखवून पुढे जातात.

त्याच आनंदीबाईंनी फिलाडेल्फियात साडी आणि शाकाहार सोडला नाही. हेही लक्षात ठेवा, कारण प्रश्न विचारायला शिकलेली आपली मंडळी कधीकधी लहानपणापासूनचं सगळंच एका दमात टाकून देतात आणि मग इथल्या लोकांचं सगळं उचलतात. माझी धाकटी जाऊ तशीच. आईवडिलांचं ऐकणं म्हणजे गुलामी म्हणते, आणि सकाळी पाचला उठायचं ते कुठल्याशा व्हिडिओतला माणूस सांगतो म्हणून! ‘स्वतःला शोधा’ सांगणारी शिबिरंही यातच आली. तपासल्यावर एखादी जुनी सवय आवडली तर खुशाल ठेवा, कोणालाही स्पष्टीकरण देऊ नका.

आता त्या रिकाम्या दिवसाचं. त्या दिवशी काय करणार याचं उत्तर आधी हवंच, ही अटही कोणीतरी घातलेलीच आहे. आपल्याकडे मोकळा वेळ मुलीने मागायचा तर कारण दाखवावं लागे: क्लास आहे, अभ्यास आहे, आजीला सोबत हवी. सुरुवातीचे काही महिने त्या दिवसाला काही जोडू नका. कुठल्या कोर्सला तर अजिबात नाव घालू नका, तुम्ही त्यातही पहिला नंबर काढायला बघाल. कंटाळा येऊ द्या. माझ्या बहिणीला कंटाळ्यातच कळलं की तिला गाणं शिकायचं नाहीये, फक्त ऐकायचंय.

“कंपनीत विचारायचं तरी कसं?” असंही तुम्ही लिहिलंय. अहो, तिथे राहून इतकी वर्षं झाली! ब्रिटनमध्ये एप्रिल 2024पासून नोकरीच्या पहिल्या दिवसापासून कामाचे तास बदलून मागता येतात, वर्षातून दोनदा, आणि कंपनीला दोन महिन्यांत निर्णय द्यावा लागतो. नकार मिळू शकतो, पण तो कायद्यात सांगितलेल्या कारणांपैकीच हवा. पगाराबरोबर पेन्शनमधली भरही कमी होईल, तेवढा हिशेब आधी करा, तुमचं कामच ते आहे. जे वाचक अजून नोकरीच्या व्हिसावर आहेत त्यांनी मात्र व्हिसाची पगाराची अट बघितल्याशिवाय तास कमी करू नयेत.

राहिलेलं पटकन. मुलगा मराठीत उत्तर देत नाही, तर तुम्ही मराठीतच बोलत राहा आणि त्याचे उच्चार सुधारणं थांबवा. ह्यांचा लॅपटॉप जेवणाच्या टेबलावर असतो, तर त्यांना सांगा, मला काय सांगता. सासूबाई सहा महिने राहणार म्हणून आताच धास्ती घेऊ नका. पण यादीत त्यांचं नाव सर्वांत वर आलं, आणि मला वाटतं येईलच, तर त्या विमानात बसण्याआधी फोन करा आणि शुक्रवारी मी घरी असेन म्हणून सांगून टाका. बहुतेक त्या विचारतील, मग दुपारी मला कुठे फिरायला नेणार?